स्टोव्ह पेटवून बोललेलं

कराडच्या स्टँडसमोर एका जिन्यावरून आवाज येत होता. लांबलचक, मऊ, जरासा हलणारा... न राहवून मी वर चढले.

खोलीभर जुने टेपरेकॉर्डर, आणि मधोमध ते दुरुस्त करणारा कपिल.

“हे गाणं आहे?”

“न्हाई. रिळाचा एक तुकडा गोल फिरवायचा आन् ऐकत बसायचं.”

“ना चाल, ना ताल!”

“तरी अर्धा तास बसलायसा की!”

माझी उंब्रजची एसटी कधीच गेली होती. मग दर मंगळवारी ती अशीच चुकायची. काही ना काही निमित्त काढून मी जिना चढायचे.

शेवटचं निमित्त मात्र खरं होतं. माझे वडील, अण्णा, फौजेत सरहद्दीवर असताना घरी फोन नव्हता. सुट्टीवर येणाऱ्या जवानाबरोबर ते आईला कॅसेट पाठवायचे. त्यातली एकच उरली होती, आणि तीही आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये गुंतली, म्हणून मी ती कपिलकडे दुरुस्तीला दिली होती. उद्या अण्णांचं वर्षश्राद्ध. आईला फक्त त्यांचा आवाज ऐकायचा होता.

आज वर गेले आणि दारातच थांबले. ‘मुक्ता’ असं आईचं नाव लिहिलेली कॅसेट उघडी पडलेली. तिच्या रिळाचा तुकडा पेन्सिलीला वळसा घालून गोल गोल फिरत होता.

“कापलीत?”

“सुरुवातीला तुटलीच हुती. अकरा सेकंद... बोलणं न्हाई, नुसता भरभर असा आवाज आन् एक श्वास. लय गोड वाटलं, म्हणून—”

“न विचारता?”

“चुकलं माझं.”

इतका राग आला होता मला! “जोडा. आत्ता. बिघडली तर हा जिना पुन्हा चढणार नाही.”

चिकटपट्टी लावताना त्यानं टोकं दोनदा जुळवून पाहिली. बटण दाबलं. भरभर... श्वास... आता जोड येणार. मी त्याची बाही घट्ट धरली.

जोड सरकला.

“मुक्ते, ऐकतीस न्हवं? तुझी लय आठवण येती गं. बराकीतली पोरं ऐकून हसत्याली, म्हणून स्टोव्ह पेटवून त्याच्या आवाजाआड बोलतोय...”

घरात चार शब्द न बोलणारे माझे अण्णा! मला रडू आलं, हसूही आलं.

कपिल उठला. कोपऱ्यातला खडखडणारा पंखा त्यानं जोरात लावला.

“पंखा कशाला?”

“खाली शिंपीकाका हायती... ऐकत्याल.”

आणि त्यानं मोठा श्वास घेतला.

“थांब!” मी शेजारच्या टेपवरचं रेकॉर्डचं बटण दाबलं. “हं... आता बोल.”