खालची मुंगी

जुईच्या करंगळीला शाई लागली, म्हणजे थेंब पोटात गेले. आता हाताशी चाळीस मिनिटं होती.

चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला बोधथेंब द्यायचे, हा कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती. थेंब घेतल्यावर चाळीस मिनिटांत मूल जी पहिली गोष्ट ऐकेल, तिचं तात्पर्य त्याच्या स्वभावात मुरतं. पुढे गोष्ट विसरली तरी तात्पर्य जात नाही.

"ओल्या सिमेंटवर पाऊल उमटावं ना, तसं," केंद्रातल्या डॉक्टर शेवडे म्हणाल्या. "आईच्या आवाजात ते सगळ्यात खोल उमटतं, म्हणून तर तुम्हाला बसवतो. अहो, घाम काय फुटलाय तुम्हाला? टोचायचं तर काही नाहीये."

"गोष्ट कोण निवडतं?" हेमांगीनं विचारलं.

"वरून येते. मुलांच्या भल्याचीच असते."

हातात कार्ड देऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

कार्डावर मुंग्या होत्या. ओढ्याला पाणी आलं. मुंग्यांनी एकमेकींना धरून पूल केला. खालच्या बुडाल्या, वरच्या पलीकडे गेल्या. कुणी कुरकुरलं नाही, म्हणून वारूळ वाचलं.

ही गोष्ट ऐकलेली मुलं हेमांगी रोज सोसायटीच्या बागेत बघत होती. घसरगुंडीच्या रांगेत ढकललं, की मुकाट मागे जाऊन उभी राहायची. रडणं नाही, भांडण नाही. बाकीच्या आया म्हणायच्या, किती गुणी. हेमांगी मान फिरवायची.

तिनं कार्ड पालथं ठेवलं आणि जुईला मांडीवर घेतलं.

"मुंग्या पूल करायला लागल्या. तेवढ्यात सगळ्यात खालची मुंगी म्हणाली, थांबा. खाली कोण राहायचं, हे कुणी ठरवलं?"

"मग?"

"मग सगळ्या थांबल्या. विचार करायला लागल्या."

वेळ संपल्यावर डॉक्टरांनी दार उघडून वहीत खूण केली. दोघी बाहेर पडल्या. हेमांगीला किती दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

रिक्षात जुई बोटावरची शाई बघत होती.

"आई, तू कार्ड पालथं ठेवलंस. त्यावर दुसरी गोष्ट होती ना?"

"हो गं."

"मग मला ही सांगायची, हे कुणी ठरवलं?"

"मी," हेमांगी म्हणाली. "तुझ्या भल्यासाठीच."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले.

जुई कालपर्यंतही प्रश्न विचारायची. कावळ्याला दात का नाहीत, चंद्र आपल्या मागे का येतो. आजचा प्रश्न जुईचा होता की थेंबांचा, हे हेमांगीला आता कधीच कळणार नव्हतं.

जुईलाही नाही.