थोडा थोडा रंग

"ज्या रंगाला कुणी विचारत नाही, असा एखादा रंग आहे का हो तुमच्याकडे?"

हे विचारून झाल्यावर धाकटीच्याच लक्षात आलं, की प्रश्न जरा विचित्र झाला. काउंटरपलीकडचा मुलगा हातातला डबा तसाच धरून थांबला होता. त्याच्या अंगठ्याच्या नखाखाली निळी रेघ होती. तिला आधी ती रेघ दिसली, चेहरा नंतर.

"म्हणजे... कुणी परत केलेला, बिघडलेला, उरलेला," तिनं घाईघाईनं सांगितलं. "स्वस्तातला हो."

"असं सांगा ना," तो हसला. "मला वाटलं, रंगांची कणव येऊन कुणी आलंय."

त्यानं काउंटरखालचं फळकूट सरकवलं. खाली डब्यांची एक अख्खी वस्तीच होती. तो एकेकाचं झाकण उचकटून दाखवू लागला.

"हा एका डॉक्टरांनी परत आणला. बायको म्हणाली, खोकल्याच्या औषधात झोपल्यासारखं वाटतं. आणि हा... याला तीनदा लोकांनी नेलं आणि तीनदा परत आणलं. बिचाऱ्याला आता सवय झालीय."

"आणि हा?"

"हा माझ्या हातून बिघडला. यावर काही बोलू नका."

धाकटीला हसू आलं. सगळ्यांत धाकटी म्हणून घरात पडलेलं हे नाव सोफे बनवायच्या वर्कशॉपपर्यंत पोचलं होतं. तिथं ती दिवसभर मशीनवर कव्हरं शिवायची, आणि कापूस तिच्या केसांत बसून तिच्याबरोबरच घरी यायचा. हसणं मात्र हल्ली घरी येत नव्हतं. आई जिन्यावरून पडली, पाय मोडला, आणि दवाखान्याच्या खर्चानं घर झाडून नेलं. आई आता ताईकडे होती. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी ती घरी येणार होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की तिला खोलीत कोंडून ठेवू नका. उजेडात, माणसांत बसवा. उजेड आणि माणसं घरात एकाच ठिकाणी मिळत होती, ती म्हणजे समोरच्या व्हरांड्यात. आणि व्हरांड्याचं म्हणाल, तर तो वडिलांनी भंगारानं भरून टाकलेला होता.

हे सगळं तिनं त्या मुलाला का सांगितलं, कोण जाणे. तो ऐकत होता म्हणून असेल. ऐकता ऐकता त्यानं औषधी हिरवा आणि स्वतः बिघडवलेला राखाडी एका छोट्या डब्यात ओतला, काडीनं ढवळला, आणि काडी उजेडात धरली.

सकाळी लवकर तळ्यावर गेलं की पाणी दिसतं ना... तसा रंग.

"एवढा पुरेल?" तिनं विचारलं.

"संपला की या," तो म्हणाला.

साधी दुकानदारी होती ती. पण घरी जाताना धाकटीनं डबा दोन्ही हातांनी धरला होता.

कामाला सुरुवात झाली ती वडिलांशी भांडणानं.

"ते टायर राहू दे. कामाला येतात."

"बाबा, आपल्याकडे गाडी नाही."

"म्हणून काय झालं? टायर तर आहेत!"

शेवटी तह झाला. टायर राहिले, पण माती भरून, आणि त्यात शेजारणीनं दिलेल्या वेलाची रोपं बसली. मागच्या खोलीचं काढून ठेवलेलं दार विटांच्या दोन खांबांवर आडवं टाकलं, त्याचं बाक झालं. वर्कशॉपच्या मुकादमानं उरलेल्या कापडाचे तुकडे फुकट दिले. धाकटीनं ते जोडून गादीची खोळ शिवली. एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता, पण शिवण सगळीकडे सरळ. वडिलांनी कुरकुरत कठडा घासायला घेतला, आणि मग असे रंगले की चहा गार झाला तरी उठेनात.

रंग लावायचं काम तिचं. कामावरून आली की पदर खोचून कठड्याचा एकेक गज ती खालून वर रंगवत जायची. ब्रश वर सरकायचा आणि मन भलतीकडेच. काडी उजेडात धरताना त्यानं एक डोळा बारीक केला होता. का बरं? नीट दिसावं म्हणून... की तिच्याकडे बघता यावं म्हणून?

"धाकटे, तोच गज परत रंगवतेयस तू," वडील म्हणाले.

डबा तिसऱ्याच दिवशी संपला.

"संपला," तिनं काउंटरवर डबा ठेवला.

"मला वाटलंच," तो म्हणाला. आणि त्याला इतका आनंद झालेला दिसला, की रंग संपणं ही जणू काही शुभवार्ताच होती.

पुन्हा थोडा रंग. पुन्हा काडी, पुन्हा उजेड. मग दोन दिवसांनी पुन्हा. बोलणंही थोडं थोडंच व्हायचं. तिची आई पेटी वाजवते, हे त्याला कळलं. तो बहिणीच्या लग्नानंतर एकटाच राहतो आणि त्याच्या भाताला रोज खालून रंग चढतो, हे तिला कळलं.

"करपतो म्हणा की," ती म्हणाली.

"आमच्या धंद्यात त्याला गडद छटा म्हणतात."

एकदा रंग घुसळायचं यंत्र चालू होतं. डबा आत घातला की ते असं काही खडखडायचं, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. त्या आवाजाच्या आडोशाला धाकटी उभी होती. तो पाठमोरा. तिला वाटलं, एकदा नुसतं म्हणून बघावं, कसं वाटतं ते. कुणाला कळणार आहे?

"तुमच्याकडे यायचं म्हणून मी ब्रश जास्त बुडवते," ती म्हणाली.

आणि शेवटच्या तीन शब्दांच्या आधीच यंत्र बंद झालं होतं.

दुकान अगदी गप्प. तो वळला. कानापर्यंत लाल झालेला.

"काय... काय बुडवता?"

"काही नाही! किती झाले?" तिनं पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, आणि डबा तिथंच विसरून रस्त्यावर आली. तो डबा घेऊन मागे धावत आला. दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. डबा तिच्या हातात आला, तरी त्याची बोटं कडीवर तशीच होती... मग एक सायकल घंटी वाजवत मधून गेली.

शुक्रवारी ताई आली, आईच्या खाटेची जागा बघायला. ताईची नजर म्हणजे चाळणी; काही निसटायचं नाही. संध्याकाळचं ऊन कठड्यावर तिरपं पडलं होतं. ती पायरीवर थांबली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"अगं, हे काय केलंयस? या बाजूला हिरवट, मधे राखाडी, आणि इकडे तर निळसर! गजागजाला वेगळा रंग."

धाकटीनं पाहिलं. खरंच की. रोज जवळ बसून रंगवताना दिसलं नव्हतं. लांबून दिसत होतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रंग हळूहळू सरकत गेला होता.

"तो थोडा थोडा देत होता ना..."

"थोडा थोडा? उरलेले रंग असतील तर सगळे एका बादलीत ओतायचे, एकदाच ढवळायचे आणि न्यायचे. नाहीतर तीच छटा पुन्हा जमत नाही. हे रंगाच्या दुकानातलं पोर जाणत नाही? शिकाऊ आहे की काय?"

"शिकाऊ नाही," धाकटी एकदम म्हणाली. "चांगला जाणकार आहे."

"मग मुद्दाम केलं असेल." ताई सहज बोलून आत गेली.

धाकटी मात्र पायरीवर बसून राहिली. हिरवट म्हणजे पहिला दिवस. राखाडी... भात करपल्याचा. निळसर, सायकलवाल्याचा. तिच्या छातीत काहीतरी यंत्रासारखं खडखडायला लागलं, आणि बंद होईना.

शनिवारी अर्धी सुट्टी घेऊन ती दुकानात गेली, तेव्हा तो माळ्यावरून खोके उतरवत होता. काउंटरवर नवाच माणूस होता.

"मुद्दाम केलंत ना?" तिनं सरळ विचारलं. "एका बादलीत का नाही दिलात?"

तो शिडीवरून खाली आला. हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"पहिल्या दिवशी खरंच विसरलो," तो म्हणाला. "तुम्ही बोलत होतात म्हणून. दुसऱ्या दिवसापासून... विसरलो नव्हतो."

ती काही बोलणार, तेवढ्यात त्यानं एक मोठा डबा पुढे केला. "हा घ्या. सगळं एकत्र केलंय, एकसारखं. अख्खा कठडा पुन्हा होईल. आई यायच्या आत चूक झाकून टाका. मी उद्या पाचच्या गाडीनं चाललोय."

"कुठं?"

"मालकांनी दुसऱ्या गावात दुकान काढलंय. दोन वर्षं तरी ते उभं करायचं. तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्याही आधी ठरलं होतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार?" त्याचा आवाज खाली गेला. "जाणाऱ्या माणसानं काय सांगायचं असतं?"

डबा घेऊन ती घरी आली. जड होता डबा. सगळे मिळून झाले होते, त्याहून जड.

तिनं झाकण उघडलं. रंग फार सुंदर होता, सायीसारखा एकजीव. ब्रश बुडवला. पहिल्या गजापाशी बसली. ब्रशवरून रंगाचा एक थेंब फरशीवर पडला, दुसरा पडला. एक हात फिरवला की संपलं. व्हरांडा नीटनेटका होईल, ताई खूश होईल, आणि ते सगळे दिवस खाली दबून जातील... कुणाला दिसणारही नाहीत.

तिनं एकेका गजावरून बोट फिरवलं. मग ब्रश धुतला आणि झाकण ठोकून बसवलं.

रविवारी दुपारी गाडी दारात थांबली. वडिलांनी आणि ताईनं धरून आईला पायऱ्या चढवल्या. ती बाकावर टेकली, गादीवरून हात फिरवला, वेल बघितला, रस्त्यावरून जाणाऱ्या दोघा-तिघांना हात केला. मग तिची नजर कठड्यावर आली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेली.

"छान आहे गं," ती म्हणाली. "पेटीवर एका सुरावरून दुसऱ्यावर बोट न उचलता जावं, तसं. कुणाचं डोकं?"

"डोकं कसलं? दुकानातल्या पोराची लबाडी!" वडील म्हणाले. "ही सारखी यावी म्हणून थोडा थोडा रंग देत होता म्हणे."

"बाबा!"

"ताईनं सांगितलं. मी काय मनचं बोलतोय?"

आईनं धाकटीकडे पाहिलं. तिच्या पायांकडे पाहिलं. चपला घातलेल्याच होत्या. शेजारी तो मोठा डबा उभा होता.

"कुठाय तो मुलगा?"

"आज चाललाय. पाचच्या गाडीनं. दोन वर्षांसाठी." एवढंच बोलून धाकटीनं डब्याची कडी धरली.

"मग तू इथं माझं तोंड काय बघत बसलीयस? मी दोन वर्षं इथंच आहे."

बसस्टँडवर ती पोचली तेव्हा तो गाडीच्या टपावर ट्रंक चढवून उतरत होता. तिला बघून शेवटची पायरी चुकला.

"हा परत घ्या." तिनं डबा त्याच्या पायाशी ठेवला. धापेनं शब्द तुटत होते.

"रंग आवडला नाही?"

"आवडला. पण मला झाकायचं नाहीये." तिनं श्वास घेतला. आता खडखडाट नव्हता, आडोसा नव्हता; माणसं इकडून तिकडे जात होती, आणि तिला कशाची पर्वा नव्हती. "काल विचारलंत ना, जाणाऱ्या माणसानं काय सांगायचं असतं? परत कधी येणार ते सांगायचं असतं. एवढंच. राहिलेल्या माणसाला तेवढं पुरतं."

कंडक्टरनं घंटी दिली.

"पावसाळ्यात धंदा मंद असतो," तो म्हणाला, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. "तेव्हा येईन. आणि आलो की दुकानात नाही जाणार. आधी तुझ्या घरी येईन. आईंसमोर बसेन, बाबांची बोलणी खाईन... चालेल?"

"बाबा फार बोलतात."

"ऐकेन. मला तू हवी आहेस. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, मी काड्या ढवळत बसलो."

"मीही ब्रश बुडवत बसले," ती म्हणाली. हसताना तिचे डोळे भरले.

त्यानं तिच्या केसांतला कापूस अलगद काढला. टाकला नाही, मुठीत धरला, दुसऱ्या हातानं डबा उचलला आणि धावत गाडीत चढला. खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला, तिनं तो धरला, गाडी हलली तशी चार पावलं बरोबर गेली... आणि मग सोडावाच लागला.

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली. धाकटी फलाटावरच्या बाकड्यावर येऊन टेकली. शेजारी गाठोडं घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं हा सगळा प्रकार पाहिला असणार, कारण तिनं आपलं गाठोडं सरकवून मुलीला नीट जागा करून दिली.

"कोण गेलं गं?"

धाकटीनं डोळे पुसले.

"आमचं माणूस," ती म्हणाली. आणि म्हातारीनं पुढं काही विचारलं नाही, तरी तिनंच सांगितलं, "येणार आहे."