सेनापती कसला गं!

“सेनापती कसला गं! पाच जणांची पलटण ह्याची, नि दर वेळी एकटाच पुढं पळतोय. मेला की मग वरडतोय, माझ्या मागं कोण कसं न्हाय म्हणून!”

निपाणीच्या स्टँडवर बेळगाव गाडीत पाय ठेवताच युवराजच्या कानांवर पहिलं वाक्य पडलं ते हे. आणि तो दांडीला धरून जागच्या जागी थांबला.

तो आवाज... आठ महिने, रोज संध्याकाळी, हेडफोनमधून थेट कानात आलेला तो आवाज! ‘रणकोट’ नावाच्या ऑनलाइन लढाईच्या खेळात युवराजची पाच जणांची पलटण होती. तिथं तो ‘सेनापती’ आणि ती ‘लवंगी’. खरं नाव, गाव, चेहरा यातलं काहीच त्यानं कधी विचारलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर आठ महिन्यांत किल्ले त्यानं फारसे जिंकले नव्हते; त्या आवाजाला मात्र तो पुरता हरला होता.

आज ती समोर होती. जांभळा स्वेटर, खांद्यावरून पुढं घेतलेला सैल शेपटा, बोलताना नाचणारा हात.

“उद्याची मॅच झाली की सांगून टाकणार हाय, आरोही. सोडली पलटण! बास झालं,” असं म्हणून तिनं फोन पर्समध्ये टाकला.

ती पलटणीतून गेली की संपलंच. ना नंबर, ना पत्ता. शोधणार तरी कुठं?

गाडीत रिकामी जागा एकच, तिच्या शेजारची. “बसा की,” ती सरकत म्हणाली.

आता तोंड उघडलं की पकडला जाणार! मग त्यानं जे केलं ते आपल्या या सीमाभागातल्याच पोराला सुचावं. घसा जरा दाबून, हळू आवाजात तो म्हणाला, “मराठी बरंगिल्ल री.” बेळगावजवळच्या काकतीत जन्मलेला, मराठी शाळेत बाराखडी घोटलेला हा गडी, मराठी येत नाही म्हणून सांगून मोकळा झाला. तिला काय त्याचं! ती सहज कानडीत शिरली. नाव विचारलं, तर यानं ‘बसवराज’ ठोकून दिलं. इथून पुढं दोघं जे बोलले ते सगळं कानडीतच.

“मघाशी फोनवर... सेनापती म्हणजे कोण?”

“आमचा कप्तान. खेळातला,” ती हसली. “शूर आहे हो. पण डोकं घरी ठेवून लढतो.”

युवराजला ठसका लागला. तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

“पण कप्तानाला पटकन ठरवावं लागतं ना?” पाणी पिऊन त्यानं सेनापतीची बाजू घेतली.

“ठरवावं की! पण ठरवलेलं बाकीच्यांना सांगावं तरी. आम्हाला बेत कळतो तेव्हा हा आधीच मेलेला असतो.” मग तिचा आवाज जरा उतरला. “गेल्या रविवारी तीनदा सांगितलं, पुलाखाली शत्रू लपलाय. म्हणाला, लवंगी, मधे बोलू नकोस. गेले सगळे पुलावर... आणि संपले. नंतर खेळातल्या ग्रुपवर काय लिहिलं माहितेय? लवंगी उशिरा आली म्हणून हरलो.”

युवराजला आठवलं. रागाच्या भरात लिहिलं होतं आणि दोन मिनिटांत विसरूनही गेला होता. ती विसरली नव्हती.

“उशीर... का झाला होता?”

तिनं मान वळवून त्याच्याकडं नीट पाहिलं. “बघा, तुम्ही विचारलंत. त्यानं नाही विचारलं. आमच्यात एक मास्तर आहेत, कणकुंबीच्या शाळेत शिकवतात. तिथं रेंज जाते मधेच. मग खेळात त्यांचा शिपाई नुसता उभा राहतो, कुणीही यावं आणि मारावं. रेंज येईपर्यंत मी त्यांच्याजवळ राखण करते. दर वेळी. सेनापती पुढं पळतो, त्याला कसं दिसणार?”

संकेश्वर मागं पडलं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर हळूहळू चालले होते आणि त्यांच्या मागं गाडीही. युवराज मास्तर मास्तर म्हणून रोज हाक मारायचा, पण ते खरोखरीचे मास्तर आहेत हे त्याला आज कळत होतं.

“मग आठ महिने राहिलात कशाला?”

ती खिडकीबाहेर बघू लागली. कानाची पाळी हळूच लाल झाली...

“खेळाआधी तो ग्रुपवर प्रत्येकाला लिहितो, जेवलात का? सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय सुरुवात करत नाही. एकदा माझं डोकं दुखत होतं तर मॅचच रद्द केली. त्या माणसासाठी राहिले. पण लढाई सुरू झाली की तो माणूस कुठं जातो, कोण जाणे.”

“आवडतो तुम्हाला?” दाबलेला आवाज सुटता सुटता राहिला.

“अनोळखी माणसाला सांगायला काय हरकत...” ती अगदी हळू म्हणाली. “आवडतो. म्हणून तर सोडतेय. रोज त्याचं ओरडणं ऐकायचं आणि रोज त्याच्या एका शब्दाची वाट बघायची. नाही जमत आता.”

एवढं सुख देणारा आणि एवढी लाज आणणारा प्रवास युवराजनं जन्मात केला नव्हता. डोक्यात बेतही तयार झाला. गप्प राहायचं, काकतीला उतरायचं. उद्या मॅचमध्ये सगळ्यांना विचारून खेळायचं, मास्तरांना सांभाळायचं, तिची माफी मागायची. ती राहील, नक्की राहील. आयुष्यातला पहिला पक्का बेत!

पण हाही बेत त्यानं एकट्यानंच केला होता. आणि ज्या माणसाशी ती एवढं मोकळं बोलली, तो बसवराज तर जगात नव्हताच. उद्या ती राहिली तरी फसून राहिली असती. त्याला ते सहन होईना.

काकतीचा पूल दिसला तेव्हा तो मराठीत म्हणाला, “लवंगी... म्या बसवराज न्हाय गं.”

ती दचकली. तो आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. चेहरा आधी पांढरा पडला, मग तापला.

“कवापासनं ऐकत होतास?”

“सेनापती कसला गं... तवापासनं.”

“म्हंजे सगळंच! माझ्या मनातलं समदं काढून घेतलंस, नि सोता आडोशाला लपून बसलास? लाज न्हाय वाटली?”

“वाटली. लई वाटली. तू जातीस म्हणालीस, नि घाबरलो. लवंगी उशिरा आली म्हणून लिवलं, ते बी चुकलं माझं.”

ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. गाडी थांबली. “काकती, काकती!” कंडक्टर ओरडला.

युवराज उठला नाही, पण नीट बसलाही नाही. “उतरू का थांबू? तू म्हणशील तसं.”

“समदं माझ्यावर ढकलू नगंस!” तिचे डोळे भरून आले होते. “तुला काय पायजे ते आधी सांग, मग मला इचार.”

त्यानं श्वास घेतला. पलटणीला शंभर हुकूम देणाऱ्या माणसाला चार शब्द जड जात होते.

“मला थांबायचं हाय. बेळगावापतोर न्हाय... जलमभर. आवडतीस तू मला, नाव बी ठावं न्हाय तरी. तुला... चालंल?”

कंडक्टरनं शिट्टी तोंडाशी नेली. ती युवराजकडं बघत राहिली, त्या रागातच कुठंतरी हसू फुटू पाहत होतं.

“जलमाचं मागनं बघू. पलटणीचं उद्या पाचजणं मिळून ठरवू. नि राग हाय माझा, बेळगाव येईस्तवर जाणार न्हाय.”

“चालंल.”

“रचना नाव माझं,” ती म्हणाली. “बस खाली.”