मागचं डावं चाक

आमच्या गाडीचं मागचं डावं चाक हळूहळू हवा सोडायचं. गाडी जुनी, आणि ॲलॉय चाकं गाडीपेक्षाही म्हातारी दिसणारी. उज्वला, म्हणजे माझी बायको, दर सोमवारी चारही चाकांवर गोमूत्र शिंपडते. ॲलॉयची त्यावर श्रद्धा नसावी. कडेला पांढरी भुकटी धरली होती, आणि टायर जिथं रिमला चिकटतो तिथून हवा निसटायची. मी नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मला यात गूढ काही दिसलं नाही.

आमची एकुलती एक तनुजा लातूरला हॉस्टेलवर राहून नीटचा क्लास करते. लातूरला पोरं डॉक्टर व्हायला जातात आणि पेशंट होऊन येतात, असा विनोद मी स्टाफरूममध्ये करायचो. तनुजाला लहानपणापासून दमा, त्यामुळे घरी तो विनोद करायची सोय नव्हती. औषधाचा पंप कायम तिच्या उशाशी. पण दिवाळीनंतर ती फोनवर म्हणायला लागली, "पप्पा, आजकाल पंप लागतच नाही."

लक्षात आलं ते उज्वलाच्या.

"अहो, चाक बसलं की पोरगी बरी असती."

"आणि हवा भरली की?"

ती चपाती लाटत राहिली.

मी हसलो आणि पेट्रोल पंपावर जाऊन हवा भरून आलो. संध्याकाळी तनुजाच्या रूममेटचा, स्वप्नालीचा, फोन आला. तनुजाला धाप लागली होती, दवाखान्यात नेऊन वाफ दिली. योगायोग, मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

रविवारी दुपारी गाडी रेवणसिद्धच्या पंक्चरच्या दुकानात नेली. त्यानं चाक काढून हौदात बुडवलं. रिमच्या कडेला एक बुडबुडा आला. तो सुटून वर आला नाही. फुगला, आत गेला. पुन्हा फुगला.

रेवणसिद्धनं तोंडातला गुटखा थुंकला. "सर, हे हवा सोडून राहिलंय का घेऊन राहिलंय?"

"पाणी हलतंय म्हणून तसं दिसतं."

पाणी हलत नव्हतं.

"लई विचार नका करू. आत ट्यूब टाकतो. किस्सा खतम."

ट्यूबलेस टायरात ट्यूब कोंबणं हा आमच्याकडचा सर्व रोगांवरचा इलाज. शास्त्राला मान्य नाही, पण चालतो. मी हो म्हणालो. चाक दगडासारखं टणक झालं. पैसे घेताना रेवणसिद्ध हौदाकडे पाठ करायला तयार नव्हता.

अंगणात गाडी लावली आणि फोन वाजला. तनुजा. शब्द नाहीत, नुसती छातीतली बारीक शिट्टी.

"तनू, पंप घे!"

"घेतला... पप्पा... हवा..."

उज्वला पायरीवर आली होती. "अहो, चाक सोडा!"

"काहीतरीच काय—"

"सोडा म्हणते ना!"

फोन स्पीकरवर टाकून बोनेटवर ठेवला. मागच्या चाकाशी वाकलो, व्हॉल्व्हचं टोपण काढलं, किल्लीच्या टोकानं पिन दाबली.

हवा सुटली.

फोनमधून एक श्वास आला. मग दुसरा, पहिल्याहून मोठा.

चाक रिमवर बसलं. मी किल्ली बाजूला घेतली. सुस्कारा चालूच होता.

तो पुढच्या चाकातून येत होता. मग उजवीकडून. मी त्यांना हात लावला नव्हता. गाडी म्हैस बसावी तशी चारही बाजूंनी खाली बसली.

मग सगळं शांत.

"आता बरं वाटतंय, पप्पा." आवाज स्वच्छ, हसरा. "अजून."

"अजून काय, बाळा?"

"अजून थोडी."

मी मागं वळलो. उज्वला पायरीवर बसली होती. एक हात छातीवर. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. येत होता तो एक बारीक सुस्कारा.

मी फोन बंद केला.

तनुजाचा श्वास अंगणात ऐकू येतच राहिला. लांब, निवांत, पोटभर.