तिसरा ब्रेक

गाड्यांची तुलना करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मासिकात लिहितो. गाडी कितीही देखणी असली तरी मी आधी ब्रेक बघतो, कारण रंगरूपाने कुणाचा जीव वाचत नाही.

दाजींची सत्तर वर्षं जुनी गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुसऱ्या दिवशी तिच्यातूनच ते ताईला घाटातून नेणार होते, आणि ताईला सातवा महिना. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, माझं ते ऐकत नाहीत, तुझे आकडे तरी ऐकतील. म्हणून भर दुपारी एका बंद कारखान्याच्या आवारात मी माझी छोटी गाडी आणि दाजींचं ते धूड शेजारी उभं केलं. खडूने रेघ मारली. साठचा वेग, रेघेवर ब्रेक, प्रत्येकी तीन वेळा.

माझी गाडी तिन्ही वेळा पंधरा मीटरांत थांबली. पट्ट्याने छातीला धरलं, एवढंच. दाजींनी नाक मुरडलं, म्हणाले, डबा आहे डबा.

जुन्या गाडीत कातड्याचा आणि तापलेल्या तेलाचा वास होता. पट्टे नव्हतेच. पहिल्या वेळी ती अठ्ठावीस मीटर गेली आणि कुणी गुडघा मारावा तसा दणका मागून माझ्या पाठीत बसला. मागची सीट रिकामी होती. स्प्रिंग ढिली असेल म्हणून मी आकडा लिहून टाकला. दुसऱ्या वेळी मानेवर गरम श्वास आला आणि माझं तोंड स्टिअरिंगवर आदळून ओठ फाटला. ढकलणारा तळवा मला केसांत स्पष्ट जाणवला.

उतरून रक्त थुंकलो. दाजी पांढरेफटक पडले होते.

"तिसऱ्यांदा नको," ते म्हणाले. "लागोपाठ तिसऱ्यांदा मी ब्रेक कधीच लावत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे ठाऊक असून हा माणूस माझ्या बहिणीला घाटात नेणार होता. मी त्यांच्या मुस्कटात मारली. त्यांनी गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल माझ्या बरगड्यांत घातलं. मी कळवळत खाली बसलो, तेवढ्यात "थांब, तिसऱ्यांदाही लावून दाखवतो" म्हणत ते हट्टाला पेटून गाडीत चढले.

रेघेवर ब्रेक लागला.

गाडी थांबली.

दाजींचं डोकं थांबलं नाही. ते स्टिअरिंगवर आपटलं, भोंगा वाजला. मागे ओढलं गेलं, पुन्हा आपटलं. काच आतून लाल झाली.

मी पोचेपर्यंत अकरा भोंगे झाले.

मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

दाजींचा श्वास चालू होता. त्यांना माझ्या गाडीत पुढे बसवून पट्टा लावला, ताईला फोन केला. तिचं घर दवाखान्याच्या वाटेवर, चढाच्या टोकाला. निघालो आणि समोर लाल दिवा लागून टुंगटुंग सुरू झालं. मागे बसलेल्याने पट्टा लावलेला नाही, असं माझी गाडी सांगत होती. आरशात बघायचं धाडस झालं नाही.

सिग्नलला एकदा ब्रेक दाबावा लागला. चौकात दुसऱ्यांदा. ताईच्या फाटकापाशी मी ब्रेकला पाय लावलाच नाही, चढावर गाडी आपोआप थांबू दिली.

ताई रडत धावत आली. मी नको म्हणेपर्यंत तिने मागचं दार उघडलं.

"अहो, जरा पलीकडे सरकता का?" असं आत कुणाला तरी म्हणत ती बसली.

तिथून दवाखान्यापर्यंतचा रस्ता सगळा उताराचा होता.