मादी भिंतीवर लावत नाहीत

मी मेलेल्या जनावरांत पेंढा भरतो. पोटापाण्याचा धंदा आहे, त्यात भुतंबितं काही नाही. कातडं येतं, ते कमवायचं, आत तारेचा सांगाडा, त्यावर पेंढा, वरून शिवण, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काचेचे. खोकी भरभरून येतात, आणि खरं सांगायचं तर या धंद्यात मी टिकलो तो त्या डोळ्यांपायी. शिंप्याच्या बटणांच्या डब्यात एक डोळा टाकून ठेवायचा. चहावाल्याच्या साखरेत एक. माणूस असा उडतो, की दिवस कारणी लागतो. पन्नाशी गाठली तरी माझी मोठी बहीण मला नावानं हाक मारत नाही, माकडा म्हणते.

हल्ली मात्र दमतो. डोळा टाकून ठेवतो, आणि कुणी उडेपर्यंत थांबायचाही कंटाळा येतो.

अशाच एका कंटाळलेल्या दिवशी दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे ताईचा नवरा. डबाबंद मांसाचा कारखाना आहे त्यांचा, आणि कारखान्याच्या मागच्या अंगाला घर, मध्ये मोठी हिरवळ. माणसाला शिकारीचा शौक. जेवणघराच्या चारी भिंतींवर मुंडकी, बारशिंगं, रानडुकरं, एक रानरेडा.

"काय मेव्हणे, सगळ्यांना कसर लागलीय," ते म्हणाले. "केस झडतायत, ताटात पडतात. रविवारी मोठी गिऱ्हाइकं जेवायला यायचीत. या जरा, नीटनेटकं करून द्या."

हत्यारांची पेटी घेऊन गेलो. मनात दुसरंच होतं. ताईला बघून मला बरेच महिने झाले होते, आणि फोनवर तिचा आवाज दर वेळी थोडा आणखी लांबून येत होता.

ताई जेवणघरातच बसली होती. समोर ताट होतं, ताटात थंड झालेली कलेजी. तिनं हात लावला नव्हता. मी तिची मनगटं बघितली. दोन बोटांत मावली असती.

"आलास का माकडा," ती म्हणाली. "बस. मला उठवत नाही लवकर."

"जेवत का नाहीस गं?"

तिनं नुसतं समोर बघितलं. समोरच्या भिंतीवर, बरोबर तिच्या खुर्चीसमोर, एक हरिणी लावलेली होती.

आता हे मला सांगायला हवं. मादी भिंतीवर लावत नाहीत. तिला शिंगं नसतात, मिरवायला काही नसतं. शिकारी मादी मारतात, खातात, पण भिंतीवर नर. एवढ्या वर्षांत माझ्याकडे भिंतीसाठी एकही मादी आली नव्हती.

"गेल्या वर्षी यांनी मारली," ताई म्हणाली. "मागच्या अंगणात फाडत होते. परात मी धरली होती. कासेतून दूध आलं रे. माझ्या हातावर. गरम होतं."

त्या दिवसापासून तिनं मांस सोडलं. कुणाला उपदेश नाही, भांडण नाही, नुसतं सोडलं. दाजींनी मग ती हरिणी भरून घेतली, आणि तिच्या खुर्चीसमोर लावली. सवय व्हावी म्हणून. डबाबंद मांस विकणाऱ्याची बायको मांस खात नाही म्हटल्यावर लोक हसतात, धंद्याला बरं नाही. स्वयंपाकीणबाईंना हुकूम होता, बाईंच्या पुढ्यात दुसरं काही ठेवायचं नाही. त्या बिचाऱ्या पदराआडून पावाचे तुकडे आणून द्यायच्या. बाकी ताई दिवसभर हिरवळीवर फिरायची आणि कुंपणाचा पाला तोडून चावायची. हे तिनं स्वतःच सांगितलं, अगदी सहज, जसं आपण सांगतो की आज भाजी जरा अळणी झाली.

"चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "आत्ताच."

"कुठे? तुझ्या त्या वासाच्या खोलीत?" ती हसली. मग म्हणाली, "डॉक्टरांशी बोलणं झालंय यांचं. माझं डोकं ठिकाणावर नाही म्हणे. रविवारी चारचौघांत मुकाट्यानं जेवले तर ठीक. नाहीतर सोमवारी त्यांच्या इस्पितळाची गाडी येणार. तिकडे नाकातून नळी घालून भरवतात. तुझ्याकडे आले तर तुझ्या दारातून उचलतील. यांनी स्वतःच्या तोंडानं जा म्हटल्याशिवाय सुटका नाही."

मी कामाला लागलो. दुसरं काय करणार होतो.

पहिल्यांदा हरिणी उतरवली. आधीच्या कारागिरानं भयानक शिवली होती, टाके पोत्याला घालतात तसे. मानेची शिवण उसवली आणि हात आत घातला. पेंढा कोरडा असतो, बोटांना टोचतो. हा टोचला नाही. मऊ लागला, आणि ओला. मूठभर बाहेर काढला तर हिरवागार. गवत होतं, बारीक झालेलं, कुणीतरी दातांखाली घातल्यासारखं. खोलीभर सकाळच्या हिरवळीचा वास पसरला.

भिंतीला ओल आली असेल, मी म्हटलं. पेंढ्यातलं बी रुजलं असेल. असं होतं. म्हणजे मी पाहिलेलं नाही, पण व्हायला हरकत नाही. सगळं उपसलं, आत कोरडा पेंढा भरला, नीट शिवून घेतली. ते गवत बादलीत होतं. परत बघितलं तर ताई बादलीजवळ उभी होती, आणि तिचा हात आत होता.

"ताई."

"काही नाही," ती म्हणाली. "वास छान येतोय."

आता माझी खोडी. डोळ्यांचं असं असतं, की बुबुळ कुठे वळवायचं ते कारागिराच्या हातात. आम्ही दोरा लावतो. डोळ्यापासून ताणून जिथे नजर हवी तिथवर न्यायचा, त्या रेषेत डोळा फिरवायचा आणि मागून प्लास्टर भरायचं. एकदा सुकलं की छिन्नीशिवाय हलत नाही. सगळ्या मुंडक्यांची नजर दाराकडे असते, येणाऱ्या पाहुण्यावर छाप पडावी म्हणून. हरिणी सोडून मी सगळ्यांचे डोळे काढले, आणि सगळे दोरे एकाच जागी नेऊन बांधले. दाजींच्या खुर्चीच्या पाठीला, जिथे त्यांचं कपाळ येतं तिथे.

ताईला दाखवलं. जेवणघरभर दोरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, सगळे एका खुर्चीकडे. ती तोंडावर हात धरून हसली. किती दिवसांनी. मला वाटलं, एवढ्यावरही काम भागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी जेवायला बसले. पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबले. वर बघितलं. उजवीकडे, डावीकडे. मी माझ्या ताटातली तंगडी चावत होतो, तोंड भरलेलं होतं म्हणून हसू दाबता आलं.

"मेव्हणे, हा काय चावटपणा?"

"कसला हो दाजी?"

दाजींनी ताट उचललं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. जेवण झाल्यावर जाता जाता म्हणाले, "उद्या सगळे परत दाराकडे. रविवारी मला तमाशा नकोय."

सकाळी छिन्नी घेऊन शिडीवर चढलो. पहिलं बारशिंग. अंदाज घ्यावा म्हणून दोरा लावला. दोरा आधीच्या खुर्चीकडे जाईना. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला, काल ते उठून बसले होते तिथे.

काचेच्या डोळ्यांची गंमत मला ठाऊक आहे. चकाकीमुळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. म्हणून तर दोरा. दोऱ्याला काही वाटत नाही. मी रानरेड्याला लावला, डुकरांना लावला. सगळे तिथेच. प्लास्टर वाजवून बघितलं. दगडासारखं सुकलं होतं, कुठे तडा नाही.

खाली उतरलो. ताई खिडकीशी उभी होती, बाहेर हिरवळ बघत.

"तू शिडीवर चढलीस का गं?"

"मला खुर्चीवरून धड उठवत नाही, आणि शिडी?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला वाटलं तूच."

मी छिन्नी चालवली. सगळे डोळे दाराकडे वळवले, नवं प्लास्टर भरलं, पंखा लावून सुकवलं. हरिणीला मात्र हात लावला नाही. ती तेवढी कुणाकडेच बघत नव्हती. तिची नजर खाली होती, ताईच्या ताटात.

त्या दुपारी दाजी मधल्या खुर्चीवर बसले. मी वर बघितलं नाही. स्वयंपाकीणबाई वाढायला आल्या, वर बघितलं, आणि भांडं तिथेच टेबलावर ठेवून निघून गेल्या.

शनिवारी दाजींनी ताट आपल्या खोलीत मागवलं.

मी आपला हिरवळीवर हिंडत होतो. माळी भेटला. त्याच्या हातात कात्री होती आणि करायला काम नव्हतं.

"गवत छान राखलंय," मी म्हटलं.

"मी कुठे राखतोय," तो म्हणाला. "वाढतच नाही. सकाळी बघावं तर कापलेलं. बाईसाहेब फिरतात पहाटे, त्यांना विचारा कोण येतं ते." मग जरा थांबून म्हणाला, "त्या एकट्या नसतात."

"म्हणजे?"

"दवात ठसे असतात," एवढं म्हणून तो गेला.

त्याला मी बोलावून विचारू शकलो असतो. विचारलं नाही. कधी कधी माणूस इतका दमलेला असतो, की त्याला उत्तरं नको असतात.

रविवार उजाडला. गिऱ्हाइकं आली, चांगली जाडजूड, हसरी. डॉक्टर आले, त्यांनी ताईचं मनगट हातात घेऊन मान हलवली आणि लगेच खुर्ची ओढली. मला शेवटची जागा. ताई तिच्या नेहमीच्या खुर्चीत, केस विंचरलेले. केस मात्र विलक्षण चमकत होते. एवढी वाळली होती, पण केस असे, की हात फिरवावासा वाटावा.

भिंतींकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

दाजींनी स्वतः मांस कापलं. सगळ्यांना वाढलं. मग सगळ्यात चांगला तुकडा ताईच्या ताटात ठेवला.

"आमच्या हिला जरा संकोच वाटतो," ते गिऱ्हाइकांना म्हणाले. सगळे हसले.

"घे," दाजी म्हणाले. आवाज गोडच होता.

"मला नको," ताई म्हणाली. "लग्न झालं तेव्हा मलाही असंच सगळ्यांपुढे मांडलं होतं तुम्ही. आठवतं?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.

"बरं, मी आधी खातो," दाजी म्हणाले. "मग तू. आणि मग बास."

त्यांनी घास घेतला. गिऱ्हाइकांनीही घेतला. डॉक्टरांनी घेतला. मीही घेतला. मला मांस आवडतं, लपवत नाही.

दाजी चावू लागले.

चावतच राहिले.

कपाळावर आठी आली. त्यांनी गिळायचा प्रयत्न केला, मान पुढे काढली. घास गेला नाही. जबडा पुन्हा फिरू लागला, आडवा, सावकाश, या बाजूनं त्या बाजूला.

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांचाही जबडा आडवाच फिरत होता. गिऱ्हाइकांचाही. खोलीत नुसता चावण्याचा आवाज, ओला, एकसारखा.

मग मला माझ्या तोंडातली चव कळली. सकाळची हिरवळ.

दाजींनी रुमाल तोंडाशी नेला आणि घास काढला. रुमालावर हिरवं होतं. ताटातून दुसरा तुकडा उचलला, चांगला तांबूस, रस सुटलेला. तोंडात घातला. चावला. परत रुमाल. परत हिरवं.

मी वर बघितलं.

एकही मुंडकं दाराकडे बघत नव्हतं.

दाजींच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरवी लाळ आली होती. डोळे मोठे झाले होते, ओले. एरवी मी त्यांच्या डोळ्यांचा रंग कधी बघितला नव्हता. तपकिरी होते.

"मी जाऊ?" ताईनं विचारलं.

त्यांना बोलता येईना. तोंड चालूच होतं. त्यांनी हात उचलला, दाराकडे केला. जा.

"डॉक्टर, बघितलंत ना," ताई म्हणाली. डॉक्टरांनी चावता चावता मान हलवली.

ताई उठली. कुणाचा आधार न घेता उठली. जाताना ती हरिणीपाशी थांबली आणि तिच्या मानेवरून, माझ्या नव्या शिवणीवरून, एकदा हात फिरवला.

आता ती माझ्याकडे असते. त्या वासाच्या खोलीच्या वरच, दोन खोल्यांत. डाळ, भाजी, पाव, सगळं खाते. मनगटं भरली आहेत. गाडी आली नाही. दाजींचा फोन नाही, आणि मीही केला नाही. स्वयंपाकीणबाई एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, साहेबांना आता काही शिजवावं लागत नाही. पुढे मी विचारलं नाही.

माझ्यासाठी मी बाहेरून मांस आणतो. ताईची काही हरकत नाही, ती स्वतः ताट वाढून देते. परवा जेवायला बसलो होतो. मधलं दार उघडं होतं, तिथून जिना आणि खालची कामाची खोली दिसते. फळीवर एक कोल्हा आहे, कुणीतरी भरायला दिलेला.

"माकडा, आता पुरे झाली हं थट्टा," ताई म्हणाली.

"कसली?"

"त्या कोल्ह्याचं तोंड रोज तुझ्या खुर्चीकडे वळवून ठेवतोस ती. जेवताना कसंतरी होतं."

मी हात लावला नव्हता. दारातून खाली बघितलं.

त्याचे डोळे मी अजून बसवलेले नाहीत.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं हळूच पाण्याचा पेला पुढे सरकवला, आणि म्हणाली, "गिळ रे. किती वेळ चावतोयस."