तळ्याच्या वळणावरची ओळख

दार ओढून घे रे कॉर्मॅक, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्येच दात काढलेस तर घशात घालीन. फेस्टस मॅनियन माझा शेजारी, बांधाला बांध. त्यानंच मला सांगितलंय. एकदाच. आणि शुद्धीत.

गेल्या साली मार्चची सोळा तारीख. सेंट पॅट्रिकच्या सणाचा आदला दिवस. दुपारी तीनला फेस्टसनं गाडी दारात लावली आणि म्हणाला, "आये, चल, तळ्याकडनं एक चक्कर मारून येऊ. झुडपं कशी पिवळीधमक फुललीत बघ."

साबीना म्हातारी ब्याऐंशीची. काय हरखली! कोट चढवला, फ्लास्कमध्ये चहा भरला, पर्स मांडीवर घेऊन बसली. तिला काय माहीत, पोरानं तिची पेटी सकाळीच डिकीत टाकलीय ते. सणापासून घर पर्यटकांना भाड्यानं द्यायचं ठरलेलं, आणि म्हातारीची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात. भित्रट लेकाचा! तोंडावर सांगायची छाती नाय, म्हणून फिरायला न्यायचं सोंग.

दिवस मात्र असा, की बघत राहावं. डोंगरावर ऊन, तळं निळंशार, बांधाआड मेंढ्यांची कोकरं उड्या मारतायत. समोरून गाडी आली की म्हातारी त्याला कोपरानं ढोसायची. "बोट उचल."

आपल्या रस्त्याची रीत. हात स्टिअरिंगवरच, ओळख द्यायला नुसतं एक बोट वर करायचं. ओळखीचा असो नाहीतर परका.

"आये, तो जर्मन होता."

"मग? जर्मनाला काय डोळे नसतात?"

तळ्याच्या वळणावर तो छोटा क्रूस आहे बघा. बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा कोलमन निळ्या व्हॅनसकट तिथंच पाण्यात गेला. म्हातारीनं क्रूसाला बोट उचललं. फेस्टसनं नाय.

"बापाला तरी ओळख दे रे."

"मेलेल्याला काय कळतंय?"

"त्यांना तेवढंच कळतं," म्हातारी म्हणाली, आणि चहा ओतायला लागली.

आश्रमाच्या दारात पेटी खाली उतरली, तेव्हा तिला उमगलं. ओरडली नाय. रडली नाय.

"फिरायला जाऊ म्हणालास ना रे?"

"आये, इथं ऊब असते. उद्या सणाचं जेवण पण देतात."

"उद्या सणाला कोटावर लावायचं शॅमरॉकचं तिपान खुडायचं राहिलंय माझं. आपल्या बांधावरचं."

"इथं देतील की."

तिनं कोटाची गुंडी लावली. "मी कोट काढत नाय. संध्याकाळी न्यायला येशील?"

"येतो," म्हणाला. धादांत खोटं. ती खिडकीत बसली, पर्स मांडीवर घेऊन. यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाय. शहरात मासे आणि बटाटे चापले, पोटभर, आणि मग निघाला परत.

अंधार पडलेला. तळ्याचं वळण आलं. गाडीतल्या घड्याळात साडेसात.

समोरून गाडी आली. एकच दिवा. हळू... फार हळू.

सवयीनं याचं बोट वर गेलं.

निळी व्हॅन होती.

दाराच्या फटीतनं पाणी गळत होतं.

चालवणाऱ्याचं तोंड दिसलं नाय. दोन्ही हात स्टिअरिंगवर. एक बोटसुद्धा... हललं नाय.

शेजारी म्हातारी.

कोट घातलेला. पर्स मांडीवर.

"आये..."

तिनं मान वळवली. त्याच्याकडं बघितलं. बांधावरच्या दगडाकडं बघावं तसं.

जर्मनाला ओळख देणारी बाई ती...

पोटच्या पोराला दिली नाय.

व्हॅन गेली. यानं आरशात बघितलं. रस्ता मोकळा.

मग फोन वाजला. आश्रमातली नर्स. "आत्ताच गेल्या हो. खिडकीतच. कोट काही केल्या काढू दिला नाही त्यांनी. मुलगा येतोय म्हणाल्या..."

...

काय रे, आता का हसत नाय?

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला फेस्टस मागच्या बाकावर बसतो. उजवा हात बघा त्याचा. डॉक्टरनं तीनदा फोटो काढले. हाड शाबूत, शीर शाबूत. बाकीची चार बोटं मिटतात, त्या रात्री उचललेलं तेवढं मिटत नाय. रात्री पट्टीनं ते एक त्यांच्याशी आवळून बांधतो आणि झोपतो.

सकाळी पट्टी गादीवर पडलेली. आणि बोट... वर.